दुरुस्ती निधी वाढवायचा की पुनर्विकासाची वाट बघायची?

उंबरठा:
मुंबई-ठाण्यातल्या १९८० ते २००० दरम्यानच्या कितीतरी सोसायट्यांत एक वाक्य ठरलेलं असतं: "आता कशाला पैसे घालायचे, पुनर्विकास होणारच आहे." बिल्डर येईपर्यंत दहा वर्षं जातात आणि तोवर कॉलमच्या कोपऱ्यांतून सळ्या बाहेर डोकावू लागतात.

मूळ दुखणं निधीच्या हिशोबात आहे. आदर्श उपविधींप्रमाणे (गृहनिर्माण सोसायट्यांची नमुना नियमावली) दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायची रक्कम, किमान ०.२५ टक्के. हा खर्च आजचा नव्हे, इमारत उभी राहिली तेव्हाचा, जमिनीची किंमत वगळून. समजा १९९० मध्ये एका फ्लॅटचा बांधकाम खर्च दोन लाख होता. दोन्ही मिळून वर्षाला २,००० रुपये, म्हणजे चाळीस फ्लॅटचे ८०,०००. एवढ्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंगही धड होत नाही. 'किमान' हा शब्द सगळे विसरतात. सर्वसाधारण सभा दर वाढवू शकते. तो आजच्या बांधकाम दरावर काढावा, असं माझं मत.

घनमीटर:
निधी वाढवा, पण कुठल्या इमारतीत? सरसकट पाठिंबा नाही.

काँक्रीट ताजं असताना अल्कधर्मी असतं, म्हणून आतली सळी गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो आणि हे संरक्षण जातं. काँक्रीटच्या ताज्या तोडीवर फिनॉल्फथॅलिनचं द्रावण फवारा: गुलाबी झालं तर ठीक, रंग आला नाही तर तेवढा थर कार्बोनेट झालाय. सळीवरचं कव्हर (सळी झाकणारा काँक्रीटचा थर) २५ मिमी आणि बिनरंगाचा थर ३५ मिमी, हे चित्र जागोजागी दिसत असेल तर तुमचं पॅचवर्क, म्हणजे खराब तेवढाच तुकडा दुरुस्त करणं, फसवं ठरतं. दुरुस्त केलेल्या तुकड्यात सळी सुरक्षित होते आणि गंज शेजारच्या जुन्या काँक्रीटमधल्या सळीला जोराने धरतो. दोन-तीन वर्षांत पॅचच्या कडेलाच नवी चीर पडते आणि मग सगळे कंत्राटदाराला शिव्या घालतात.

समुद्राकाठी क्लोराइड (खाऱ्या हवेतलं मीठ) शिरलं असेल तर आणखी वाईट. अशा इमारतीवर वाढीव निधी घालणं म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणं.

उंबरठा:
@घनमीटर, हे तर माझ्याच बाजूने गेलं. ३५ मिमीपर्यंत पोचायला वर्षं लागतात. गिलावा आणि रंग शाबूत असताना वेग आणखी कमी. पंधराव्या वर्षी भेगा भरून बाहेरून रंग दिला असता तर पस्तिसाव्या वर्षी जॅकेटिंगचा (कॉलमभोवती नवं काँक्रीट चढवण्याचा) विषयच आला नसता. निधी नव्हता म्हणून ते झालं नाही.

घनमीटर:
पंधराव्या वर्षासाठी मान्य. आज पस्तिसाव्या वर्षी उभ्या असलेल्या इमारतीचं काय, हा धाग्याचा प्रश्न आहे. तिथे आधी चाचण्या, मग निधीचा ठराव. हाफ-सेल चाचणीत (ती सळीचा विद्युत विभव मोजते) बहुतांश कॉलम उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली असतील तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात. काँक्रीटमधून सोडलेल्या अल्ट्रासॉनिक लहरीचा वेग सेकंदाला ३ किमीपेक्षा कमी आला की काँक्रीटच संशयास्पद. दोन्ही निकाल तळमजल्याच्या कॉलमवर वाईट आले तर मी पुनर्विकासाच्या बाजूने मत देईन. आणि नुसत्या रिबाउंड हॅमरवर अहवाल देणाऱ्याला परत पाठवा. तो हातोडा पृष्ठभागाचा कडकपणा मोजतो, आणि कार्बोनेट झालेला पृष्ठभाग उलट जास्त कडक लागतो.

नियमबोट:
स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, ऐच्छिक नाही. उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला पाच वर्षांतून एकदा आणि त्यापुढे तीन वर्षांतून एकदा सांगितलंय. मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतींसाठी महापालिका अधिनियमातलं कलम ३५३ब वेगळं आहेच. निकाल सी-१ आला तर इमारत रिकामी करून पाडायची. सी-२अ मध्ये काही भाग रिकामा करून संरचनात्मक दुरुस्ती. सी-२ब मध्ये रिकामी न करता. सी-३ म्हणजे किरकोळ. काही ठिकाणी पुनर्विकास हवा म्हणून सी-१ आणि नको म्हणून सी-२ब असे दोन अहवाल येतात. मग प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. @घनमीटर, तुमच्या चाचण्या मतदानाआधी झाल्या तरच उपयोगी. मतदानानंतर झाल्या तर त्या हव्या तशा 'येतात'.

मोजपट्टी:
दोघंही पैसे किती यावर भांडताय. पैसे जातात कुठे ते बघा.

पॉलिमर मॉर्टरचं एक काम नीट बघितलं की कळतं. सैल काँक्रीट तोडताना सळीच्या मागे १५-२० मिमी मोकळं करायचं असतं. बरेच जण पुढूनच खरवडतात, त्यामुळे मागचा गंज तसाच राहतो. मग वायर ब्रश, गंजरोधक लेप, बाँड कोट (जुनं काँक्रीट आणि नवं मॉर्टर जोडणारा चिकट लेप). बाँड कोट चिकट असतानाच मॉर्टर बसवावं लागतं. मजूर जेवायला गेले आणि कोट सुकला, तर तोच कोट दोन थर वेगळे ठेवणारी फिल्म बनतो. एका थरात १०-१२ मिमी, त्याहून जाड थापलं की लोंबतं. खड्डा ५० मिमीच्या पुढे असेल तर मॉर्टर सोडा, फळ्या मारून मायक्रोकाँक्रीट (बारीक खडीचं पातळ काँक्रीट) ओता.

बीम किंवा कॉलम तोडायच्या आधी टेकू हवेत, तेही वरच्या एका मजल्याला नव्हे, तळापर्यंत सलग. निविदेत टेकूंची बाब वेगळी नसेल तर ते कमीच लागणार.

बिल चौरस फुटावर आणि जाडीवर होतं. वर गिलावा चढला की जाडी कोणाला दिसत नाही. म्हणून मोजमाप झाकण्याआधी, सल्लागार आणि समितीचा एक सदस्य हजर असताना. निविदेत अंदाजे ५०० चौरस फूट आणि अंतिम बिलात १,८०० असं होतं ते इथेच. तोडल्यावर काम वाढतं हे खरं, पण वाढीव प्रमाणाला लेखी मंजुरी घ्या.

पागडीवाला:
सोसायटीचे सभासद मालक आहेत, त्यांनी निधी भरावा. पण दक्षिण मुंबईतल्या उपकरप्राप्त इमारतींचं काय? ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या या इमारतींसाठी रहिवासी मालमत्ता करासोबत उपकर भरतात आणि दुरुस्ती म्हाडाचं दुरुस्ती मंडळ करतं. प्रति चौरस मीटर खर्चाला मर्यादा आहे, त्यामुळे एका वेळी एक जिना, एक संडास ब्लॉक, दोन तुळया. लाकडी तुळईच्या जागी लोखंडी टाकतात, पण तिचं टोक ज्या भिंतीत बसतं तिथली ओल तशीच, कारण पाइप बदलणं त्या कामात नसतं. लोखंडाचं टोक तिथेच गंजतं. सरकारने पैसा घालायचा तर एका इमारतीत पुरेसा घालावा, दहा इमारतींत थोडाथोडा नको.

घनमीटर:
@पागडीवाला, मर्यादा काढली तर पाडण्याजोग्या इमारतींवरही खर्च होत राहील.

पागडीवाला:
नाही काढली तर माणसं संक्रमण शिबिरात पिढ्यान्‌पिढ्या. तोही खर्चच की.

नियमबोट:
पुनर्विकासवाल्यांसाठी: २०१९ च्या शासन निर्देशांत विकासकाने प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक हमी द्यायची आहे. करारात ती नसेल तर विकासकाकडून मिळणारं पर्यायी घराचं भाडं थांबल्यावर हातात फक्त कागद राहतो.

उंबरठा:
पुनर्विकास झाला तरी हा प्रश्न सुटत नाही. लिफ्ट, अग्निशमन पंप, पोडियमचं वॉटरप्रूफिंग. नव्या टॉवरलाही पहिल्या वर्षापासून निधी लागणार, आणि तो तेव्हाही किमानावरच ठेवला जाईल.

मोजपट्टी:
जाता जाता एक. खालच्या मजल्यांवरचे "गच्ची आमची नाही" म्हणतात. उपविधींप्रमाणे गच्चीतली गळती आणि त्यामुळे वरच्या मजल्याच्या छताचं झालेलं नुकसान सोसायटीच्या खर्चाने. दोन फ्लॅटमधली बाथरूमची गळती संबंधित सभासदांची. कामाचा क्रम मात्र असा: आधी गच्ची आणि पाइप, मग काँक्रीट, मग गिलावा, शेवटी रंग. गच्चीवर वॉटरप्रूफिंगनंतर पाणी कोंडून किमान ४८ तास ठेवा आणि खालचं छत बघा. ही चाचणी पावसाळ्याआधी, कोब्यावर टाइल बसवायच्या आत, आणि शेवटचा हप्ता देण्याआधी.