ईसीयूच्या मेमरी अ‍ॅक्सेसचा पेटंट अर्ज ३(के) खाली नाकारला: रिव्ह्यू की थेट अपील?

प्रश्न – डबलबँक

गाडीच्या कंट्रोल युनिटमधली (ईसीयू) मेमरी कुणी, कधी आणि कुठल्या पत्त्यावर वाचायची किंवा लिहायची, यावरचा अर्ज आहे. पेटंट कायद्याच्या कलम १५ खाली नाकारला गेला. कारणं दोन दिलीत: ३(के), म्हणजे ‘कॉम्प्युटर प्रोग्रॅम पर से’ (निव्वळ प्रोग्रॅमला पेटंट नाही), आणि २(१)(जेए) खाली इन्व्हेंटिव्ह स्टेप (जाणकाराला सहज न सुचणारं पाऊल) नाही. आधीपासून माहीत असलेल्या गोष्टींचे दाखले दोन. डी१ हे सीड-की (युनिटने दिलेल्या आकड्याला बरोबर उत्तर) पडताळून डायग्नोस्टिक टूलला मेमरी उघडून देणारं जुनं पेटंट. डी२ म्हणजे आयएसओ १४२२९-१ या गाडीच्या डायग्नोस्टिक मानकाची २०१३ ची आवृत्ती. इन्व्हेंटिव्ह स्टेपबद्दल ऑर्डरमध्ये जेमतेम दोन ओळी: ‘डी१ व डी२ एकत्र वाचल्यास उघड आहे.’

नाकारलेला क्लेम १ (ज्यावर हक्क मागितला ते वाक्य) साधारण असा: ‘वाहनातील मेमरीचा अ‍ॅक्सेस नियंत्रित करण्याची पद्धत, ज्यात बाह्य उपकरणाची विनंती स्वीकारणे, ओळख पडताळणे, वाहनाचा वेग, इग्निशन व बॅटरी व्होल्टेज तपासणे, आणि स्थिती योग्य असल्यास अ‍ॅक्सेस देणे.’ क्लेम ९ त्याच पायऱ्या करणाऱ्या कंट्रोल युनिटचा.

रिव्ह्यू मागावा की सरळ हायकोर्टात जावं? आणि अपिलात भर कशावर द्यावा?

उत्तर १ – कलमबहाद्दर

आधी कॅलेंडर उघडा. कलम ११७ए खाली अपिलाची मुदत तीन महिने, आणि ती ऑर्डरच्या तारखेपासून मोजायची. कोर्ट मुदत वाढवू शकतं, पण त्या भरवशावर बसू नका.

रिव्ह्यू कलम ७७(१)(एफ) खाली, फॉर्म २४ वर, ऑर्डर कळवल्यापासून एका महिन्यात. तो चालतो उघड दिसणाऱ्या चुकीसाठी: कंट्रोलरने (अर्ज तपासणारा पेटंट अधिकारी) तुम्ही दाखल केलेले सुधारित क्लेम सोडून जुनेच तपासले, किंवा सुनावणीनंतर पंधरा दिवसांत दिलेलं लेखी म्हणणं फाइलवर घेतलंच नाही, अशा प्रकारची. ‘निष्कर्ष पटत नाही’ हे रिव्ह्यूचं कारण होत नाही. खरी मेख पुढे आहे. रिव्ह्यू फेटाळला तर त्या ऑर्डरवर ११७ए खाली अपील नाही, कारण त्या यादीत कलम ७७ नाहीच. अपील मूळ १५ च्या ऑर्डरवरच करावं लागतं आणि तोवर तीन महिने सरलेले असतात. तुमच्या ऑर्डरमध्ये लिहिण्यातली चूक दिसत नाही, तर्कच गायब आहे. थेट अपील करा.

कुठल्या हायकोर्टात? आयपीएबी, म्हणजे बौद्धिक संपदा अपील मंडळ, २०२१ मध्ये बंद झालं, तेव्हापासून अपिलं हायकोर्टाकडे आली. अर्ज ज्या पेटंट कार्यालयाचा, त्या कार्यालयावर अधिकार असलेल्या हायकोर्टात जायचं. डॉ. रेड्डीज प्रकरणात दिल्ली हायकोर्टाने नोव्हेंबर २०२२ मध्ये हे नीट मांडलंय. अर्ज मुंबई कार्यालयाचा असेल तर मुंबई हायकोर्ट, मग सुनावणी व्हिडिओवर घेणारा कंट्रोलर दुसऱ्या शहरात बसलेला का असेना. आणि हो, पेटंट एजंटला कंट्रोलरपुढे बोलता येतं, हायकोर्टात नाही. तिथे वकील लागणारच, तेव्हा वकालतनामा, ऑर्डरची सर्टिफाइड प्रत आणि फाइल रॅपर (अर्जाची पूर्ण फाइल) यांची तयारी पहिल्याच महिन्यात करा.

त्या दोन ओळींसाठी ॲग्रीबोर्ड इंटरनॅशनलचा निकाल लावा, दिल्ली हायकोर्ट, मार्च २०२२. इन्व्हेंटिव्ह स्टेप नाकारताना कंट्रोलरने तीन गोष्टी तपासायच्या असतात: जुन्या दस्तऐवजात काय उघड केलंय, अर्जात काय उघड केलंय, आणि जाणकाराला एकावरून दुसरं कसं सुचलं असतं. तुमच्याकडे तिसरी पूर्ण गायब दिसते. फक्त अपेक्षा माफक ठेवा. अशा अपिलात बहुतेक वेळा ऑर्डर रद्द होऊन अर्ज नव्याने तपासायला परत जातो. कोर्टातून पेटंट हातात घेऊन क्वचितच कुणी बाहेर येतं.

उत्तर २ – बूटलोडर

प्रक्रिया ठीकच, पण डी२ ला हलक्यात घेऊ नका. या प्रकरणात खरा धोका तोच आहे.

आयएसओ १४२२९ मध्ये नकाराचे कोड आधीपासून आहेत. हेक्स २२ म्हणजे परिस्थिती योग्य नाही, ३३ म्हणजे सिक्युरिटी अ‍ॅक्सेस नाकारला, ८८ म्हणजे वेग जास्त, ९२ म्हणजे व्होल्टेज जास्त, ९३ म्हणजे व्होल्टेज कमी. पत्त्यावरून मेमरी वाचायची सर्व्हिस २३, लिहायची ३डी, सीड-की ची २७. आता तुमचा क्लेम १ पुन्हा वाचा: ओळख तपासा, वेग बघा, व्होल्टेज बघा, मग दार उघडा. यातली प्रत्येक पायरी डी२ च्या कोष्टकात सापडते. ऑर्डरमध्ये तर्क नाही हे खरं, पण फेरतपासणीत दुसऱ्या कंट्रोलरने तोच तर्क दोन पानांत नीट लिहून काढला की तुम्ही परत जागेवरच. सोसायटीच्या वॉचमनच्या रजिस्टरमध्ये आणि या क्लेममध्ये फार फरक नाही.

अर्जाच्या डिस्क्रिप्शनमध्ये (वर्णनात) हार्डवेअरचं नेमकं काय आहे?

डबलबँक

दोन गोष्टी आहेत. एक: व्होल्टेज कम्पॅरेटरची (व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेशी ताडणारं सर्किट) लाइन थेट मेमरी प्रोटेक्शन युनिटला (एमपीयू) जाते आणि लिहिण्यायोग्य भागांची सेटिंग सीपीयूला न विचारता बदलते. दोन: सेक्टर (फ्लॅश मेमरीचा एकदम पुसला जाणारा भाग) इरेज चालू असताना ती लाइन खाली आली तर इरेज सस्पेंड होतं, सेक्टरचा क्रमांक डेटा फ्लॅशच्या राखीव पानावर जातो, आणि रीसेटनंतर बूटलोडर (सुरुवातीला चालणारा प्रोग्रॅम) तो सेक्टर आधी पुन्हा इरेज करतो. परिच्छेद ३८ ते ४४ आणि आकृती ५ मधला टायमिंग चार्ट. क्लेममध्ये यातलं फक्त ‘कम्पॅरेटर’ आलंय, तेही क्लेम ६ मध्ये.

उत्तर ३ – बूटलोडर

मग शोध तिथेच आहे, आणि तो क्लेम १ मध्ये नाही.

कोर्टाला समस्या याच भाषेत सांगा. सर्व्हिसिंगच्या वेळी फ्लॅश करताना कुणी स्टार्टर मारला की १२ व्होल्टची लाइन क्षणभर ६-७ व्होल्टपर्यंत बसते. डी२ मधला ९३ चा कोड विनंती आली त्या क्षणाचं व्होल्टेज बघून उत्तर देतो. इरेज एकदा सुरू झालं की तो काहीच करत नाही. त्यात व्होल्टेज पडलं, ब्राउनआउट रीसेट झाला (व्होल्टेज फार पडल्याने युनिट पुन्हा सुरू झालं), की सेक्टर अर्धवट इरेज राहतो. असे सेल काठावर असतात: थंड असताना १ वाचतील, इंजिन तापल्यावर ०, आणि वर ईसीसीचा (मेमरीतली चूक पकडणारी तपासणी) एरर. म्हणजे युनिट बेंचवर पास होतं आणि गाडीत फेल. सॉफ्टवेअरने व्होल्टेज पुन्हा पुन्हा तपासून हे वाचवता येत नाही, कारण सीपीयू त्या वेळी रॅममधून फ्लॅश ड्रायव्हर चालवत असतो आणि इंटरप्ट बहुधा बंद ठेवलेले असतात. म्हणून लाइन हार्डवेअरने एमपीयूला जाणं महत्त्वाचं. हा फरक डी१ मध्येही नाही, डी२ मध्येही नाही.

एक इशारा: नुसत्या ‘मेमरीच्या दोन बँका (स्वतंत्र भाग), एकीत लिहा आणि दुसरीतून चालवा’ यावर भर देऊ नका. तो प्रकार सगळ्यांना माहीत आहे.

उत्तर ४ – दावापत्र

बूटलोडरशी सहमत. त्यामुळे अपिलात दोन विनंत्या एकाखाली एक लावा: मुख्य म्हणजे ऑर्डर रद्द, आणि पर्यायी म्हणजे आकुंचित क्लेम फेरतपासणीत विचारात घ्या. कलम ५९ ची चौकट घट्ट आहे. दुरुस्ती म्हणजे डिस्क्लेमर, करेक्शन किंवा स्पष्टीकरण. मजकूर मूळ स्पेसिफिकेशनमध्ये हवा आणि नवा क्लेम जुन्या क्लेमच्या हद्दीत पूर्ण बसायला हवा. म्हणून पद्धतीचा क्लेम १ बदलून तिथे उपकरण घुसवू नका, हद्दीबाहेर गेल्याची हरकत येईल. क्लेम ९ कंट्रोल युनिटचाच आहे, तो आकुंचित करा. साधारण असा:

‘कंट्रोल युनिट, ज्यात फ्लॅश मेमरी, मेमरी प्रोटेक्शन युनिट, आणि पुरवठा व्होल्टेज मर्यादेखाली गेल्यास प्रोसेसरच्या मध्यस्थीशिवाय त्या युनिटचे लेखनयोग्य भाग बंद करणारा कम्पॅरेटर आहे, आणि चालू सेक्टर-इरेज स्थगित करून त्या सेक्टरचा क्रमांक न पुसल्या जाणाऱ्या स्मृतीत नोंदवला जातो, व रीसेटनंतर तो सेक्टर प्रथम पुन्हा इरेज केला जातो.’

‘मर्यादा’ म्हणजे किती, हे डिस्क्रिप्शनमध्ये आकड्यात आहे ना ते बघा. नसेल तर आता घालता येणार नाही, मग मर्यादा ‘ब्राउनआउट रीसेटच्या पातळीच्या वर’ अशी सापेक्ष ठेवा. अर्थात तेवढं तरी लिहिलेलं हवं. विभाजित अर्जाचा (मूळ अर्जातून काढलेला वेगळा अर्ज) विचार मनात असेल तर सोडून द्या. तो अर्ज निकाली निघण्याआधीच करायचा असतो.

३(के) वर: डिसेंबर २०१९ चा फेरिद अल्लानीचा निकाल तुमच्यासाठी सोयीचा. आज मोटारी, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन अशा वस्तूंत प्रोग्रॅम असतोच, म्हणून त्यांच्यावरचे सगळे शोध बाद करता येणार नाहीत, असं त्यात मोटारींचं नाव घेऊन म्हटलंय. तांत्रिक परिणाम असेल तर प्रोग्रॅमवर आधारलेला असला तरी अर्ज बाद होत नाही. मे २०२३ चा मायक्रोसॉफ्टचा निकाल अ‍ॅक्सेसच्या बाबतीत आणखी जवळचा: दोन कुकी वापरून नेटवर्कच्या उपविभागासाठी वापरकर्त्याची ओळख पटवण्याची पद्धत होती, आणि ३(के) ची हरकत टिकली नाही. ऑर्डरमध्ये कुठे ‘नवीन हार्डवेअर नाही’ असं लिहिलं असेल तर त्याच वर्षीचा रेथिऑनचा निकाल जोडा. नव्या हार्डवेअरची अट २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत होती, २०१७ मध्ये ती काढली.

उत्तर ५ – कलमबहाद्दर

दावापत्र यांच्या मसुद्यात एकच बदल सुचवतो. ‘न पुसल्या जाणाऱ्या स्मृतीत’ काढून ‘डेटा फ्लॅशच्या राखीव पानावर’ लिहा, तुमच्या परिच्छेद ३८ ते ४४ मध्ये शब्द तोच आहे. कलम ५९ चा वाद शब्दाच्या फरकावरूनच सुरू होतो. आणि अपिलाच्या मेमोला आकृती ५ परिशिष्ट म्हणून लावा. न्यायाधीशांना टायमिंग चार्टवर व्होल्टेज पडताना आणि रीसेटच्या आधीच इरेज थांबलेलं दिसलं, तर ‘पर से’ वर फार बोलावं लागत नाही.