शाळेत न घालता, फिरवून शिकवलेली मुलं (इंदूर आणि आसपास): आपले अनुभव लिहा

सुदामानगरवाली
परवा शेजारच्या वहिनी विचारायला आल्या, "तुमच्या मुलाला भूगोलाला कुठला क्लास लावला होता?" त्यांची लेक जलविभाजक, म्हणजे पाणी दोन बाजूंना वाटणारी उंच कड, घोकून घोकून रडकुंडीला आलेली. म्हटलं, क्लास कसला, सिमरोलचा घाट! त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. त्या गेल्या आणि मी ती सगळी वर्षं आठवत बसले, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. म्हणून हा धागा.

आमची दोघं काही वर्षं शाळेत गेलीच नाहीत. ह्यांची औषध कंपनीतली फिरतीची नोकरी, आज धार, उद्या खरगोन, परवा झाबुआ. पोरांना बाप दिसायचा रविवारी, तोही झोपलेला. मग आम्हीच मागे जायला लागलो, वह्या-पुस्तकं डिकीत. सासूबाई आधी फार चिडल्या. "हळदीकुंकवाला चार बायका विचारतात, पोरांना काय झालंय म्हणून, मी काय सांगू?" पुढे त्याच बरोबर यायला लागल्या आणि गाडीतली पुढची सीट कायमची त्यांची झाली.

तर घाट. आपलं इंदूर माळव्याच्या पठाराच्या कडेला. गावातल्या कान्ह आणि सरस्वती उत्तरेला जातात, पुढे क्षिप्रा, चंबळ, यमुना, गंगा, म्हणजे शेवटी बंगालचा उपसागर. आणि सिमरोल ओलांडून उतरायला लागलं की ते पाणी चोरल नदीत, चोरल नर्मदेत, नर्मदा खंभातच्या आखातात. पुस्तकातून सांगितलं तर दोघांना काडीचं कळलं नव्हतं. घाटमाथ्यावर गाडी उभी केली, बॉनेटवर नकाशा पसरला, चार कोपऱ्यांना चपला ठेवल्या. मुलगी म्हणाली, मग आपल्या नळाला कुठली नदी? नळाला नर्मदा. १९७८ पासून जलूदहून पंपांनी चढवून आणतात, सत्तरेक किलोमीटर. म्हणजे अरबी समुद्राकडे निघालेलं पाणी आपण ओढून वर आणतो, आंघोळी करतो, आणि ते कान्हमधून बंगालच्या उपसागराकडे लावून देतो. दोघं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. सासूबाई सीटवरूनच म्हणाल्या, "म्हणजे नळातून नर्मदा आणि मोरीतून गंगा." संपला धडा.

लिहा तुम्ही पण. शाळा सोडलेलीच हवी असं नाही, रविवारचे उद्योगही चालतील.

रामबागचा_भिया
पहिला नंबर आपला! ऑफिसात लपून वाचून राहिलोय. मोरीतून गंगा 😂😂 आजींना साष्टांग. नंतर लिहितो, साहेब येऊन राहिलेत.

महू_कॅन्ट
आम्ही रेल्वेने पाताळपाणी ते कालाकुंड. मीटर गेज, घाट, बोगदे, सगळं आलं. पण माझ्या मुलाला त्यातून गणित सापडलं. ही लाइन व्हावी म्हणून इंदूरच्या दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला १ कोटी रुपये कर्ज दिलं होतं, १८७० च्या सुमारास, साडेचार टक्के व्याजानं, मुदत १०१ वर्षं. राजा इंग्रजांना कर्ज देतो यावरच तो खूश! गाडीत बसल्या बसल्या सरळव्याज काढायला लावलं. वर्षाला साडेचार लाख, एकूण ४ कोटी ५४ लाख ५० हजार. मग स्वारी म्हणते, बाबा, १८७० अधिक १०१ म्हणजे १९७१, तोवर राजे कुठे होते? मला सांगता सांगता संस्थानांचं विलीनीकरण, १९४८ चं मध्य भारत, आणि नेमके १९७१ लाच राजांचे तनखे बंद झाले, इथपर्यंत यावं लागलं. घरी येऊन मीच आधी वाचलं, मग त्याला सांगितलं.

आणि टंट्या मामांच्या (इंग्रजांविरुद्ध बंड करणारा भिल्ल) देवळापाशी गाडी थांबायची ती पद्धत. १८८९ मध्ये जबलपूरला फाशी दिलेला माणूस आणि रेल्वे त्याला सलामी देते. त्याने विचारलं, चोर होता की देव? मी म्हटलं, ज्याला लुटलं त्याला विचार आणि ज्याला वाटलं त्याला विचार. अजून त्याचं उत्तर शोधतोय पोरगा.

पोहेजलेबी
कालाकुंड स्टेशनचा कलाकंद कोणीच लिहिला नाही?? पानावर देतात तो. शिक्षण गेलं चुलीत.

महू_कॅन्ट
@पोहेजलेबी तो विषय अनिवार्य होता, लिहायची गरज वाटली नाही.

निवृत्त_मास्तर
सर्वांचे कौतुक आहे, परंतु एक विचारतो. रागावू नका. मी पस्तीस वर्षे वर्गात उभा होतो. पोराला बाकावर शेजारी न आवडणारा मुलगा बसलेला असतो, त्याच्याशी वर्षभर जुळवून घ्यावे लागते. ते गाडीत कोण शिकवणार? गाडीत सगळी आपलीच माणसे.

बाकी फिरवण्याला माझा विरोध नाही. राजवाड्याला मी दर वर्षी सातवी न्यायचो. सात मजले, खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी, हे पुस्तकात एका ओळीत संपते. पण १९८४ च्या आगीनंतर नेले तेव्हा एका मुलाने स्वतःहून विचारले, सर, खालचे तीन का उरले? त्या दिवशी दगड, लाकूड, ज्वलन, सगळे शिकवून झाले. हजेरी घ्यायची राहिली, त्यावरून मुख्याध्यापक बोलले ते वेगळे.

सुदामानगरवाली
मास्तर, रागवायचं काय त्यात, तुमचं बरोबरच आहे. पण न आवडणारा मुलगा आमच्या गाडीतच होता. लेकीचा भाऊ.

वेधशाळेच्या_मागे
उज्जैनहून. आमचं घर जंतरमंतरपासून, म्हणजे जुन्या वेधशाळेपासून, जवळ, त्यामुळे पाहुणे आले की पोरांना तिकडे हाकलायचं हे ठरलेलं. माझी लेक साडेआठची होती. सम्राट यंत्राची (तिथलं मोठं सूर्यघड्याळ) सावली आणि माझं घड्याळ यात बराच फरक निघाला. तिला वाटलं यंत्र बिघडलंय, तिथल्या चौकीदाराला जाऊन सांगून आली! मग कागद घेऊन बसलो. भारताचं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं, उज्जैन पावणेशहात्तरच्या आसपास, एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे २७ मिनिटं. "म्हणजे तुझं घड्याळ खोटं आणि हे भिंताड खरं?" हो बाई, इथल्यापुरतं तरी. (त्या २७ मध्ये वर्षभरात थोडं कमी-जास्त होतं, ते पुढच्या वर्षी सांगितलं, एका दमात झेपलं नसतं.) त्या यंत्राची तिरकी भिंत गावाच्या अक्षांशाएवढी, सुमारे २३ अंश, कललेली असते आणि ध्रुवताऱ्याकडे रोखलेली. रात्री गच्चीतून कोनमापकाला दोरा बांधून ध्रुवाची उंची मोजली, २५ आली. दोन अंशांनी चुकलो म्हणून ती रुसून जेवली नाही.

२१ जूनच्या दुपारी तिथल्या शंकू यंत्राच्या उभ्या काठीची सावली जवळजवळ नाहीशी होते. कर्कवृत्त इथून थोडंसंच उत्तरेला आहे ना. गर्दी असते, टोपी आणा.

दोन_नोकऱ्या_एक_मूल
वाचून छान वाटतंय आणि वाईटही. आम्ही दोघं सकाळी आठला बाहेर. मनात आलं होतं, पण घरी थांबणार कोण? सासूबाई गुडघ्याच्या, आई ग्वाल्हेरला. सगळ्यांना एवढी मुभा नसते हो.

आत्या_देवासची
@दोन_नोकऱ्या अगं मनाला लावून घेऊ नकोस. मी पण नोकरीच करत होते. आम्ही फक्त रात्री सराफ्यात न्यायचो. दिवसा सोन्याची दुकानं आणि रात्री त्याच ओट्यांवर खाऊगल्ली, यातच अर्धं अर्थशास्त्र आलं. भाच्याच्या हातात ठरलेले पैसे द्यायचे, पाच माणसांना पोटभर खायला घालून दाखव म्हणायचं. तो पहिल्यांदा सगळे पैसे जलेब्यात घालून बसला. मग भुट्ट्याचा कीस वाटून खाल्ला, दोन-दोन चमचे.

गुडघ्याला मेथीचे लाडू देतेस का त्यांना? माझ्या जाऊबाईंना फरक पडला.

दोन_नोकऱ्या_एक_मूल
देते आत्या, पण त्यांना साखर आहे. गूळ न घालता कसे करता?

आत्या_देवासची
खजूर घालतात पण तोही गोडच. तू डॉक्टरना विचार आधी.

धारवाली
लिहू का नको करत होते. आमचा मुलगा डायनासोरवेडा. धार जिल्ह्यात बाग गावाच्या बाजूला त्यांची अंडी सापडतात हे कळल्यावर घरात दुसरा विषय नाही. २०२३ मध्ये नर्मदा खोऱ्यातली ९२ घरटी आणि २५६ अंडी यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तो कागद त्याने भिंतीवर चिकटवला. त्याच वर्षाच्या शेवटी बातमी आली, पाडल्या गावात लोक पिढ्यान् पिढ्या गोल दगडांची काकड भैरव म्हणून पूजा करत होते, ती टायटनोसॉर डायनासोरची अंडी निघाली. शेताची आणि ढोरांची राखण करणारा देव.

आम्ही तिकडे गेलो तेव्हा माझ्या पोटात गोळा. आता हा तिथे ओरडणार, "हा देव नाही, अंडं आहे." वाटभर गाडीत बजावत आणलं. तिथे एका म्हाताऱ्या बाबांनी तळहाताएवढा तुकडा दाखवला. पोराने आधी नमस्कार केला, मग विचारलं, "हात लावू का?" बाबा म्हणाले लाव. त्याने कवचाच्या बाजूवरून बोट फिरवलं, बारीक बारीक उंचवटे होते, आणि एकदम माझ्याकडे बघून हसला. घरी आल्यावर आजीच्या देवघरातल्या शाळिग्रामाला भिंग लावून बसला. तो पण जीवाश्मच असतो, अॅमोनाइट, हे त्याने आजीला सांगितलं. आजी म्हणाली, असू दे, माझा विष्णू पण आहे.

बाग गावात जाल तर कापडावरची ठप्पा छपाई बघाच. चिंचोक्याच्या खळीत फिटकरी असली तर लाल, लोह असलं तर काळा, आणि तांब्याच्या मोठ्या भांड्यात धावड्याची फुलं टाकून उकळतात तेव्हा रंग उजळतो. रसायनशास्त्राच्या मॅडम त्या वासाने पळाल्या असत्या.

रामबागचा_भिया
आलो परत. आम्ही काही शाळा सोडली नाही भिया, पण लेकाला देवगुराडियाचा प्लांट दाखवायला नेला. रोजच्या ५५० टन ओल्या कचऱ्याचा गॅस करतात, त्यावर सिटी बस चालते. येताना त्याच बसमध्ये बसलो. तो अख्ख्या बसला सांगत होता, ही बस काल तुम्ही खाल्लेल्या भाजीच्या सालांवर चालून राहिलीये. एक काकू उठून दुसऱ्या सीटवर गेल्या. आता त्याला मोठेपणी कचरागाडीचा ड्रायव्हर व्हायचंय. बायको माझ्याशी बोलत नाही.

मीच_ती_मुलगी
मी दुसऱ्या बाजूने लिहिते. मी अशीच वाढले, आता नोकरी करते. तिसरीनंतर शाळा नाही. महेश्वरला विणकरांच्या घरी आम्ही बरेच दिवस राहिलो होतो. साडीचा दोन्ही बाजूंनी वापरता येणारा काठ, म्हणजे बुगडी, कसा येतो हे मी मागावर बसून बघितलं. अपूर्णांक मला तिथे कळले, ताण्याचे धागे वाटून घेताना. आजही ३/८ म्हटलं की मला तो माग दिसतो.

दहावी मुक्त विद्यालयातून, एनआयओएसमधून. चौदा पूर्ण झाल्याशिवाय बसता येत नाही, तेवढं लक्षात ठेवा. अभ्यास अवघड नव्हता. अवघड होतं तीन तास एका जागी बसून हाताने लिहिणं, माझा अंगठा सुजला होता. तुमच्या मुलांना आत्तापासून लिहायची सवय लावा. अकरावीला एका शाळेत प्रवेशाला गेले तर खिडकीतले बाबूजी मार्कशीट उलटीसुलटी करून म्हणाले, ये कौन सा बोर्ड है, नकली तो नहीं? बाबांनी परिपत्रक छापून नेलं होतं. घेतली शेवटी.

मास्तरांचं ते बाकाचं खरं आहे. अकरावीत मला सुट्टीत कोणाशी काय बोलायचं ते कळायचं नाही. म्हणून मी मुलींना सिरपूर तलावावर घेऊन गेले, पक्षी दाखवायला. चार आल्या, तीन कंटाळल्या. एक अजून मैत्रीण आहे.

निवृत्त_मास्तर
बाळ, छान लिहिलेस. सिरपूर आता रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, २०२२ पासून. आमच्या वेळी नुसता तलाव होता.

पोहेजलेबी
मांडूला कोणी नेलं का मुलांना? तिथली ती जाड्या बुंध्याची झाडं, गोरख इमली. मुळात आफ्रिकेतली. आमच्याकडचा नग म्हणाला, जहाज महाल आहे म्हणजे झाड जहाजातून आलं. दोन तलावांच्या मध्ये बांधलेला महाल, त्याला कोण समजावणार.

धारवाली
नेलं तर. ते फळ फोडून आतला पांढरा गर चोखायचा, आंबट. त्याचं लोणचं होतं का हो?

आत्या_देवासची
लोणचं नाही, सरबत करतात. जिरं आणि सैंधव घालून.

दोन_नोकऱ्या_एक_मूल
ती पाताळपाणीची गाडी चालू आहे का सध्या? या रविवारी मुलाला नेईन म्हणते. दोन्ही नोकऱ्यांना सुट्टी आहे.

महू_कॅन्ट
आधी स्टेशनवर चौकशी करा, ती बारा महिने नसते. पावसाळ्यात तिकिटं पटकन संपतात. उजवी-डावी खिडकी यावर घरात भांडण होतं, आधीच ठरवा. आणि पुऱ्यांचा डबा पिशवीतून काढू नका, कालाकुंडची माकडं फार हुशार आहेत.