मदत हवी आहे: "आजोबांना कुठे काय झालंय?" याला काय उत्तर देऊ?

नमस्कार मंडळी,

मुलगा सहावीत आहे, वय 11. मागच्या आठवड्यात दप्तर आवरताना कंपासमध्ये विडीचं थोटूक सापडलं. सासऱ्यांच्याच बंडलातली, लाल दोरा ओळखला मी. विचारलं तर म्हणाला, "ओढली नाही गं, नुसती तोंडात धरून बघितली." खरं असेल असं धरून चाललेय. आरडाओरडा केला नाही. (आदल्याच दिवशी नवऱ्यावर ओरडून झालं होतं, कोटा संपलेला.)

शांतपणे समजवायला बसले. फुप्फुसं, कॅन्सर, सगळं सांगितलं. पाकिटावरचं चित्र दाखवलं, तर ढिम्म. पाकिटाचा 85 टक्के भाग व्यापणारं ते चित्र तो कळायला लागल्यापासून टपरीवर बघतोय, त्याच्या लेखी ते पाकिटाचं डिझाइन आहे. वर मलाच विचारतो, "आजोबांना कुठे काय झालंय?"

इथे मी गप्प झाले. सासरे 72 वर्षांचे, एसटीतून रिटायर. 50 वर्षं विडी ओढताहेत आणि रोज सकाळी अजिंक्यतारा चढून येतात. "त्यांनाही होईल" म्हणावं तर पोरगं रात्रभर झोपायचं नाही. गेल्या वर्षी शाळेतलं व्याख्यान ऐकून आला तेव्हा "आजोबा मरणार का?" म्हणून रडला होता. आता तोच हसण्यावारी नेतोय. न घाबरवता, खोटं न बोलता आणि आजोबांना व्हिलन न करता कसं सांगायचं?

प्रतिसाद 1
दोन कानाखाली द्या. आम्हाला तसंच समजलं होतं.

प्रतिसाद 2
वरच्यांना नम्रपणे: मलाही तसंच "समजलं" होतं, 15 वर्षं ओढली.

प्रतिसाद 3
मी शिक्षिका आहे. अकरा वर्षांच्या मुलाला साठीतला कॅन्सर म्हणजे परग्रहावरची गोष्ट, त्यामुळे आजचं बोला. तो काही खेळतो का? मग हे सांगा की धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणून दम अपुरा पडतो. माझ्या वर्गात सगळ्यात जास्त चालतो तो मुद्दा वेगळाच: आपल्याला कुणीतरी बनवतंय. जुनी गिऱ्हाइकं सोडतात किंवा मरतात, धंद्याला नवी लागतात, आणि ती नवी म्हणजे तुम्ही. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, 18 वर्षांखालच्यांना कुठेच नाही, असा 2003 चा कायदा आहे. एकदा मुलांनी टेप घेऊन टपरीपर्यंतचं अंतर मोजलं. पोरं जाम चिडली होती!

आणि फळांच्या वासाच्या ई-सिगारेटबद्दलही आत्ताच बोलून ठेवा. 2019 पासून बंदी आहे, तरी मोठ्या मुलांच्या खिशात दिसते.

प्रतिसाद 4
आजोबांच्या प्रश्नाला उत्तर आहे. तंबाखू न सोडणाऱ्यांपैकी निम्म्यापर्यंत माणसं तिच्यामुळेच जातात. म्हणजे छापा-काटा. आजोबांचा छापा पडला. ज्यांचा काटा पडला ते अजिंक्यतारा चढताना दिसणार कसे? एसटीतले त्यांच्या बरोबरीचे कितीजण उरलेत, ते आजोबांनाच विचारू द्या नातवाला.

प्रतिसाद 5
सहमत, बोलायचं आजोबांनीच. आमचे वडील नातवंडांना सांगायचे, "पहिली फुकट मिळाली, पुढच्या सगळ्या विकत घेतल्या." दोघांना हिशेबाला बसवा. दिवसाला 15 धरल्या तरी 50 वर्षांत पावणेतीन लाख विड्या होतात. आणि सासऱ्यांना सोडावीशी वाटलीच तर 1800-11-2356 ही सरकारी क्विटलाइन आहे, मोफत. पण आधी घरात ओढणं बंद करा, तो धूर पोराच्याही छातीत जातोय.

मूळ धागाकर्ती
सगळ्यांचे आभार (प्रतिसाद 1 सोडून). काल जेवताना मुलानेच विचारलं, "आजोबा, तुमच्या डेपोतले विडीवाले मित्र कुठे असतात?" सासऱ्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. तिसऱ्या नावाला थांबले, हात धुवायला उठले. नंतर विडी ओढायला गॅलरीत न जाता फाटकाबाहेर गेले. 50 वर्षांत पहिल्यांदा.

आता पोरगं विचारतंय, "आजोबा माझ्यावर रागावले का?" मी अजून काही बोललेले नाही. तुम्ही असतात तर काय सांगितलं असतं?