मदत हवी आहे: नाइटिया माशाचा तुटलेला जीवाश्म कसा जोडावा?

अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या केमररजवळच्या खाणीतला नाइटिया माझ्याकडे आलाय. ग्रीन रिव्हर नावाच्या खडकथरांच्या चुनखडीतला, सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीचा. दगडाची पाटी शेपटीजवळ आरपार तुटली आहे आणि कण्यालगतचे खवले सुई लागताच भुकटी होऊन सुटतात. आधीच्या मालकाने एका कडेला सुपरग्लू लावलाय. तो ॲसिटोनने मऊ करून काढताना हाडं निघून येतील का, हीच मोठी धास्ती आहे.

भुसभुशीत भागाला आधी ॲसिटोनमधलं पातळ पॅरालॉइड बी-72 (जीवाश्म घट्ट करायला आणि जोडायला वापरतात ती ॲक्रिलिक राळ) पाजायचं, मग दाट द्रावणाने जोड द्यायचा, असा विचार आहे. ते पुढे कधीही विरघळवता येतं. पण पातळ म्हणजे किती टक्के? फटीतलं भरण दगडाच्याच रंगाचं ठेवणार आहे, रंगवलेले खोटे काटे मला मुळीच नकोत. स्वतः असं काम केलेल्यांनी कृपया सांगा.