वाळवंटातून सायकल, पेठसाठी पाणी: पण हा प्रवास मे महिन्यातच कशासाठी?

सातपूरकर

नाशिक ते जैसलमेर सायकल मोहिमेचे निवेदन काल वाचले. पेठ तालुक्यातील एका पाड्यावर पाण्याच्या टाक्या बांधण्यासाठी निधी जमवायचा आणि त्यासाठी चौदा जणांनी १८ मे रोजी निघून सापुतारा, अहमदाबाद, सांचोर, बाडमेर या मार्गाने अकरा दिवसांत जैसलमेर गाठायचे, इथपर्यंत माझा काहीही आक्षेप नव्हता. परंतु त्याच निवेदनात ‘होरपळल्याशिवाय तहान कळत नाही, ज्यांना उन्हाची भीती वाटते त्यांनी घरी बसून देणगी द्यावी’ असे एक वाक्य आहे आणि ते वाचून मला रात्री झोप लागली नाही.

मला उन्हाची भीती वाटते आणि ती मी कमावलेली आहे. सहा वर्षांपूर्वी मे महिन्यातच आम्ही तिघे सांचोरहून बाडमेरकडे निघालो होतो. सकाळी साडेअकराच्या सुमारास मला भर उन्हात थंडी वाजू लागली, पुढे चालणाऱ्या मित्राचे नाव आठवेना, आणि त्यानंतरचे मला आठवते ते थेट एका खेजडीच्या झाडाखाली पडलेला असतानाचे. जवळच्या ढाणीवरच्या, म्हणजे रानातल्या छोट्या वस्तीवरच्या, माणसांनी आपल्या घरचे पाणी माझ्या अंगावर ओतले होते. ते पाणी त्यांनी किती लांबून आणले असेल, याचा विचार मनात आला तो दुसऱ्या दिवशी. दुसऱ्यांच्या तहानेसाठी निघालेला मी, तहानलेल्यांच्याच घरचे पाणी संपवून परत आलो.

हवेचे तापमान त्वचेच्या तापमानापेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा, वर गेले की सायकलवर लागणारा वारा शरीर थंड करत नाही, उलट उष्णता आत भरतो. मग सारी मदार घाम वाळण्यावर राहते. देशात आजवरचा उच्चांक मानले जाणारे ५१ अंश तापमान फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी नोंदले गेले, आणि तेसुद्धा सावलीतल्या तापमापकावर. आपण निघत आहात त्याच आठवड्यातली ही तारीख आहे. डिसेंबरात जा, मी स्वतः बरोबर येतो.

मोहिमेतला एक जण

काका, ते वाक्य मी लिहिले नसले तरी आमच्या सर्वांच्या वतीने ते प्रसिद्ध झाले आहे, म्हणून उत्तर देतो. आम्ही पहाटे चारला निघून दहाच्या आत थांबणार आहोत, दोन बॅकअप गाड्या आणि एक डॉक्टर बरोबर आहेत, आणि प्रत्येक जण स्वतःचा खर्च स्वतः करणार आहे. आपल्याच शहरातील डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आरपार करणारी रॅम ही शर्यत जोडीने पूर्ण केली, आणि ती शर्यत जून महिन्यात कॅलिफोर्निया व अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातून जाते. त्या वेळी नाशिकने त्यांचे कौतुक केले, त्यांना वेड्यात काढले नाही.

राहिला प्रश्न मे महिन्याचा. गेली तीन वर्षे आम्ही डिसेंबरात निधी मागून पाहिला. गंगापूर धरण काठोकाठ दिसत असताना पाण्यासाठी कोणी खिशात हात घालत नाही. मे महिन्यात वर्तमानपत्रात विहिरीच्या तळाशी उतरलेल्या बाईचे छायाचित्र येते, तेव्हाच लोकांना पेठ आठवते. हे मलाही आवडत नाही, परंतु ते खरे आहे.

कॉलेज रोडचा हिशेबनीस

ऊन आणि धैर्य यांविषयी तज्ज्ञांनी बोलावे. माझा प्रश्न निवेदनाच्या शेवटच्या ओळीतील क्यूआर कोडविषयी आहे. तो एका व्यक्तीच्या खात्याचा दिसतो. देणगीदाराला आयकराची सवलत मिळते ती नोंदणी असलेल्या संस्थेला दिलेल्या रकमेवर, आणि दोन हजारांपेक्षा जास्त रोख दिल्यास तीही मिळत नाही. मी मागे अशाच एका मोहिमेला पाच हजार रुपये दिले होते. त्याची पावती आली नाही, हिशेब आला नाही, आली ती फक्त हार घातलेल्या सायकलस्वारांची छायाचित्रे. त्या दिवसापासून मी असे निवेदन खालून वर वाचतो.

नाशिकरोडची परिचारिका

मी अतिदक्षता विभागात काम करते, म्हणून सातपूरकरांच्या अनुभवात थोडी भर घालते. उन्हात श्रम करणारा माणूस असंबद्ध बोलू लागला आणि त्याचे तापमान ४० अंशांच्या वर असले, तर आधी त्याला जागेवरच थंड करायचे असते, रुग्णालयाकडे धावायचे ते नंतर. आमच्याकडे एका तरुणाला त्याचे मित्र गाडीत घालून चाळीस मिनिटे धावत घेऊन आले, वाटेत अर्धवट शुद्धीत त्याच्या तोंडात पाणी ओतत राहिले, परंतु कपडे काढून अंगावर ओले फडके टाकण्याचे कोणालाही सुचले नाही. तो वाचला, पण त्याचे मूत्रपिंड पूर्ववत व्हायला महिने लागले.

दुसरी चूक याच्या उलट असते. घामावाटे मीठही जाते, आणि त्यावर नुसते साधे पाणी लिटरमागून लिटर पीत राहिले तर रक्तातील सोडियम खाली जाते. डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपण ही लक्षणे ऊन लागल्यासारखीच दिसतात आणि सोबतचे लोक आणखी पाणी पाजतात. ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात मिसळावी, अंदाजाने बाटलीत ओतू नये. आणि शरीराला उष्णतेची सवय व्हायला रोज उन्हात श्रम करून दहा ते चौदा दिवस लागतात. नाशिकच्या पहाटेच्या गारव्यात केलेला सराव त्या कामाचा नाही. महाजन बंधू स्वतः डॉक्टर होते आणि जोडीने आलटून पालटून सायकल चालवत होते. त्यांचे नाव घेताना त्यांची तयारीही सांगावी.

पेठची शिक्षिका

इथे तुम्ही सर्व जण उन्हाविषयी बोलत आहात. मी ज्या पाड्यावर शिकवते त्या पाड्याविषयी आता थोडे ऐका.

‘होरपळल्याशिवाय तहान कळत नाही’ हे वाक्य माझ्या सहावीतल्या एका विद्यार्थिनीने मला वाचून दाखवले आणि विचारले, “बाई, त्यांना कळून काय होणार?” मला उत्तर देता आले नाही. माझ्या वर्गातल्या मुली मार्चनंतर उशिरा येतात, कारण पहाटे झिऱ्यावर त्यांचा नंबर असतो आणि वाटीवाटीने हंडा भरायला तासभर लागतो. आमची तहान कोणी चाखून पाहावी अशी आमची इच्छा नाही. नळयोजनेचे पाइप आले, तोट्या बसल्या, फोटो निघाले, आणि एप्रिलमध्ये उद्भवाची, म्हणजे योजनेला पाणी पुरवणारी, विहीरच आटल्यावर तोटीतून हवा येते. आता आमच्या नावाने कोणी जैसलमेरला जाणार आहे. जाताना आमच्या पाड्यावरून तरी जाणार आहात का? तुमचा मार्ग सापुताऱ्याचा आहे. पेठ त्या वाटेवर येतच नाही.

बाडमेरला राहिलेला

बाईंचे म्हणणे मनाला लागले. मी बाडमेरच्या तेलक्षेत्रावर चार वर्षे कंत्राटी नोकरी केली आहे आणि मला या मोहिमेत सायकलपेक्षा वेगळेच काही दिसते. जैसलमेरला वर्षाला २०० मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही, आणि पेठला २,००० मिलिमीटरच्या वर पडतो. तरी मे महिन्यात तिथल्या ढाणीवर घरचे पाणी असते आणि पेठच्या पाड्यावर नसते. सातपूरकरांच्या अंगावर ओतलेले पाणी कदाचित कुठून लांबून आणलेले नसेलही, ते अंगणातल्या टांक्यातले असेल. टांका म्हणजे जमिनीत बांधलेली गोल, झाकलेली टाकी. तिच्याभोवती चोपून उतरती केलेली जमीन असते, तिला आगोर म्हणतात. पावसाळ्याआधी आगोर झाडून घेतात, तिच्यावर चपला घालून कोणी जात नाही आणि गुरांनाही येऊ देत नाहीत. जैसलमेरकडे पालीवाल ब्राह्मणांनी बांधलेल्या खडीनमध्ये तर उतारावरचे पाणी बांध घालून अडवतात आणि त्या ओलीवर रब्बीचा गहू घेतात.

आपल्याकडे काळा कातळ आणि तीव्र उतार. पाऊस कोसळतो आणि दमणगंगा, पार, नार यांच्यामार्गे गुजरातेकडे निघून जातो. जमिनीत मुरायला जागाच नाही, मग विहिरी किती खोल न्याव्यात?

मोहिमेतला एक जण

बाई, मार्गाविषयी आपण म्हणता ते बरोबर आहे. परंतु हिशेबनीस साहेबांनी आमच्यावर चोरीचा संशय घ्यावा हे मला सहन होत नाही. आम्ही नोकरी सांभाळून, पहाटे उठून, स्वतःचे पैसे घालून हे करतो. ज्यांनी आजवर पेठचा घाटही चढलेला नाही त्यांनी आमच्या हेतूवर बोलू नये.

कॉलेज रोडचा हिशेबनीस

मी हेतूवर बोललेलो नाही, खात्यावर बोललो आहे. हेतू शुद्ध असेल तर खाते संस्थेचे करायला दोन दिवस पुरतात.

पेठची शिक्षिका

बाडमेरच्या दादांना विचारते, ही टांक्याची गोष्ट आमच्याकडे कशी लागू होईल? आमच्याकडे चोपलेली जमीन पहिल्याच सरीत वाहून जाईल. शिवाय पाड्यावर पूर्वी बांधलेली एक सार्वजनिक टाकी तडे जाऊन पडली आहे. ती सर्वांची होती, म्हणून कोणीच साफ केली नाही.

बाडमेरला राहिलेला

आगोर नको, आपल्याकडे छप्पर आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पन्नास चौरस मीटरच्या पत्र्यावर २,००० मिलिमीटरचे एक लाख लिटर होतात. पाच माणसांच्या घराला पिण्या-रांधण्यासाठी माणशी रोजचे वीस लिटर धरले, तर फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच्या १२० दिवसांना बारा हजार लिटर लागतात. म्हणजे वळचणीला पन्हळ लावून पागोळ्यांचे एक अष्टमांश पाणी धरले तरी पुरते. पहिल्या एकदोन पावसांचे पाणी बाहेर सोडायचे, टाकी घट्ट झाकायची म्हणजे डास आणि शेवाळ होत नाही, आणि टाकी घराची असावी, पाड्याची नव्हे. बाडमेरला टांका ज्याचा त्याचा असतो म्हणूनच तो झाडलेला असतो.

सातपूरकर

इथे मला मोहिमेच्या महिन्याकडे परत यावे लागते, आणि या वेळी कारण ऊन नाही. टाकी जूनच्या पहिल्या आठवड्यापूर्वी बांधून, पाणी मारून पक्की झाली तरच या पावसाने भरेल. आपण २८ मे रोजी जैसलमेरला पोहोचणार, निधी जूनमध्ये मोजणार, आणि गवंडी पाड्यावर जाईल तो भर पावसात किंवा दिवाळीनंतर. म्हणजे यंदाचा सगळा पाऊस वाहून जाणार आणि बाईंच्या वर्गातल्या मुली पुढच्या मार्चमध्येही झिऱ्यावर उभ्या राहणार. मोहीम डिसेंबरात किंवा जानेवारीत झाली, तर बांधकामाला फेब्रुवारी ते मे असे चार कोरडे महिने मिळतात. आपल्या निवेदनात होरपळण्याविषयी इतके लिहिले आहे, परंतु टाकी कधी भरणार याविषयी एक ओळही नाही.

मोहिमेतला एक जण

हा मुद्दा आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आला नव्हता, हे मान्य करावे लागते. तरीही डिसेंबरात लोक पैसे देत नाहीत ही अडचण जागेवरच आहे, आणि ती आपल्यापैकी कोणी सोडवलेली नाही.

नाशिकरोडची परिचारिका

मग मे महिन्यात निधी मागा आणि डिसेंबरात सायकल चालवा. लोकांना पेठ आठवते त्या महिन्यात संकल्पाचे पैसे घ्या, ते संस्थेच्या खात्यात ठेवा, आणि दिवाळीनंतर लगेच बांधकाम सुरू करा.

कॉलेज रोडचा हिशेबनीस

असे केल्यास मागचे पाच हजार विसरून मी पुन्हा पाच हजार देईन. पावती मात्र आधी हवी.

मोहिमेतला एक जण

आज रात्री चौदाही जणांची बैठक आहे. चार जणांनी रजा मंजूर करून घेतल्या आहेत आणि ते तारीख बदलायला सहज तयार होणार नाहीत. मी स्वतः डिसेंबरच्या बाजूने मत देणार आहे. ते वाक्य निवेदनातून आत्ताच काढून टाकले आहे. सातपूरकर काका, आपण बरोबर येईन असे लिहिले होते, ते आम्ही धरून चालतो.

सातपूरकर

येईन. अट एकच. पहिला मुक्काम पेठला.

पेठची शिक्षिका

पाड्यावर एकोणीस घरे आहेत. त्यांतली अकरा पत्र्याची आणि बाकीची कौलारू आहेत. कोणत्या घराच्या वळचणीला टाकी बसेल आणि कोणाच्या अंगणात जागाच नाही, हे इथे बसून ठरणार नाही. येत्या रविवारी बाडमेरच्या दादांनी टेप घेऊन यावे, शाळा उघडी ठेवते. येताना पिण्याचे पाणी बरोबर आणावे.