शिल्लक पॉलिसी आणि नो क्लेम बोनस

जुनी गाडी घेताना विक्रेत्याची विमा पॉलिसी आठ महिने शिल्लक असेल तर तेवढे महिने विम्याचा खर्च पडत नाही, असे या चर्चेत एकाने म्हटले आहे; ते मला अर्धेच पटते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ मुळे थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे इतरांच्या झालेल्या नुकसानीचा विमा, नव्या मालकाकडे येतो खरा. परंतु स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई हवी असेल, तर १४ दिवसांच्या आत अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावीच लागते.

नो क्लेम बोनस, म्हणजे भरपाईचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, गाडीचा नसून मालकाचा असतो, हा मुद्दा मात्र इथे अजून कोणीच मांडलेला नाही. मी जळगावात घेतलेल्या गाडीच्या पॉलिसीत विक्रेत्याला ५० टक्के बोनस होता. तो त्याच्याकडेच राहिला आणि पॉलिसी माझ्या नावावर होताना उरलेल्या महिन्यांपुरता त्या सवलतीचा फरक मला भरावा लागला. विक्रेत्याने सांगितलेल्या हप्त्यावर विसंबून मी हिशेब केला, ही माझी चूक होती. त्यामुळे भाव ठरवण्यापूर्वी पॉलिसीच्या कागदावर बोनसची टक्केवारी अवश्य पाहावी. शिवाय गाडीची नोंदणी पुण्याची असेल, तर ती धुळ्यात चालवली तरी हप्ता ठरवताना नोंदणीचेच ठिकाण धरले जाते.