टेप बॅकअप फेल जातोय म्हणून टेपच भंगारात?

निशाचर
काल एकानं इथे विचारलं होतं: लहान ऑफिसचा सर्व्हर, एलटीओ-४ ड्राइव्ह (बॅकअप टेपवर लिहिणारं यंत्र, एलटीओ प्रकाराची चौथी पिढी), अकरा रात्री लागोपाठ बॅकअप फेल, काय तपासू? त्यावर सरळसोट यांनी लिहिलं, "टेपचा जमाना गेला. ड्राइव्ह भंगारात द्या, क्लाउड घ्या." माणूस मदत मागायला आला आणि उपदेश घेऊन गेला. मला ते खटकलं, म्हणून सविस्तर लिहितो.

लॉग उघडा आणि पहिली एरर शोधा. शेवटच्या ओळीत 'जॉब फेल्ड' एवढंच असतं, त्यातून काही कळत नाही. मग जॉब, म्हणजे त्या रात्रीचं बॅकअपचं काम, कुठे पडतो ते बघा. दर रात्री वेगळ्या ठिकाणी पडत असेल तर हेड (टेप वाचणारा-लिहिणारा भाग), केबल किंवा ती टेप. दर रात्री त्याच फाइलपाशी पडत असेल तर ती फाइल कुणीतरी उघडी ठेवलेली आहे. आणि टेप हलायच्या आधीच पडत असेल तर शॅडो कॉपी (बॅकअपसाठी विंडोज घेतो ती डेटाची त्या क्षणाची प्रत) बनत नाहीये. 'व्हीएसएसअ‍ॅडमिन लिस्ट रायटर्स' ही कमांड चालवा, कोणता रायटर (त्या प्रतीसाठी आपापल्या प्रोग्रॅमचा डेटा तयार ठेवणारा भाग) अडकलाय ते दिसेल.

ड्राइव्हवरच्या छोट्या खिडकीत 'सी' अक्षर आलं असेल तर क्लीनिंग टेप घाला. ती साधारण ५० वेळाच चालते. नंतर ड्राइव्ह तिला नुसता बाहेर ढकलतो आणि लोकांना वाटतं साफसफाई झाली.

बाकी अर्धे जॉब तर ऑफिसातल्या कुणी टेप बदलली नाही म्हणून पडतात.

सरळसोट
मी जे लिहिलं ते अनुभवानं लिहिलंय. एका ऑफिसात चार वर्षं रोज 'यशस्वी' असा मेल यायचा. सर्व्हरच्या डिस्क गेल्या, टेप लावली, तर तिच्यावर फक्त शेवटचा फोल्डर. स्क्रिप्टमध्ये ड्राइव्हचं नाव 'एनएसटी०' (काम संपल्यावर टेप मागे न गुंडाळणारं) हवं होतं, त्याच्या जागी 'एसटी०' (मागे गुंडाळणारं) लिहिलं होतं. प्रत्येक 'टार' (एकेक फोल्डर टेपवर लिहिणारी कमांड) संपला की टेप आपोआप सुरुवातीला जायची आणि पुढचा फोल्डर मागच्यावर लिहिला जायचा. त्या मालकाचा चेहरा मी विसरलेलो नाही.

आणि पुढचं काय? विंडोज सर्व्हर २००८ पासून सिस्टीमसोबत येणाऱ्या बॅकअपमधून टेप काढूनच टाकली. एलटीओ-४ २००७ ची. एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह दोन पिढ्या मागच्या टेपा वाचायचे, एलटीओ-८ एकच पिढी मागे जातो. उद्या हा ड्राइव्ह मेला तर जुन्या टेपा कशात वाचणार?

जुनं खोड
स्क्रिप्ट चुकली तुमची, शिक्षा टेपला? एलटीओ लिहिता लिहिताच मागच्या हेडनं वाचून बघतो. तुम्ही दिलं ते त्यानं इमानेइतबारे लिहिलं. चार वर्षांत एकदाही रिस्टोअर करून बघावंसं वाटलं नाही?

सरळसोट
स्क्रिप्ट माझी नव्हती, मला ती वारशानं मिळाली होती. पण हो, रिस्टोअर करून बघितलं नाही. ती चूक माझी.

हिशेबवही
निशाचर, तुमची शेवटची ओळ मी तीनदा वाचली. "ऑफिसातल्या कुणी टेप बदलली नाही." ते 'कुणी' म्हणजे मी. नऊ वर्षं हिशेब सांभाळला आणि रोज सकाळी टेपही बदलली. ती कशासाठी बदलायची हे एकदाही कुणी सांगितलं नाही.

आमची टेप ८०० जीबीची. खोक्यावर मोठ्या अक्षरात १.६ टीबी, कॉम्प्रेशन धरून. आमच्याकडे सगळे स्कॅन केलेले कागद आणि फोटो, म्हणजे आधीच दाबून बसवलेल्या फाइली. त्या आणखी काय दबणार? रात्री दोनला टेप भरायची आणि सर्व्हर दुसरी मागत बसायचा. खोली बंद, ऑफिस बंद. सकाळी फोन यायचा, "ताई, टेप लावायची विसरलात का?" मी कितीदा ऐकून घेतलंय हे.

जुनं खोड
ताई, मन दुखावलं असेल तर समजतो. पण टेप घालणाऱ्यानं सकाळी रिपोर्ट बघायचा असतो. नुसती टेप आत ढकलणं म्हणजे काम नव्हे.

हिशेबवही
कोणता रिपोर्ट? तो नोकरी सोडून गेलेल्या अ‍ॅडमिनच्या पत्त्यावर जात होता! आणि 'नुसती टेप ढकलणं' म्हणालात म्हणून सांगते. मी एक वही केली होती. तारीख, टेपचा नंबर, किती वाजता बाहेर आली. दोन महिन्यांनी वही चाळताना लक्षात आलं की फेल होतो तो गुरुवारच, आणि गुरुवारची टेप ठरलेली, ४ नंबर. ती घेऊन खिडकीपाशी गेले, कोपऱ्यातलं छोटं दार नखानं सरकवलं, शेजारी ३ नंबरची धरली. ३ मध्ये पिन सरळ उभी, ४ मध्ये एका बाजूनं खाली घसरलेली. कधीतरी कुणाच्या तरी हातून पडली होती. तोवर तज्ज्ञांनी केबल बदलली होती, ड्राइव्हर बदलला होता, नवा ड्राइव्ह घ्या असं पत्रही दिलं होतं.

जुनं खोड
लीडर पिन. ड्राइव्ह तिलाच धरून टेप बाहेर ओढतो. टेप पडली की तीच जागची हलते. मीही आधी केबलच बदलली असती. माझं वाक्य मागे घेतो. रिपोर्टचा मुद्दा मात्र सोडत नाही. वाचणारा माणूस ठरलेलाच हवा.

निशाचर
ताई, ती ओळ मी विचार न करता लिहिली. चुकलो.

सरळसोट, रिपोर्ट वाचणारा हवा हा मुद्दा तुमच्या क्लाउडलाही लागू आहे. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबचा (प्रोग्रॅमर लोकांचा कोड ठेवणाऱ्या वेबसाइटचा) चालू डेटाबेस चुकून पुसला गेला. रोजचा बॅकअप, डेटाबेस आणि बॅकअप प्रोग्रॅमची आवृत्ती न जुळल्यामुळे, आधीपासूनच फेल जात होता, आणि तसं सांगणारे मेल नाकारले जात होते, म्हणून कुणाला पत्ताच नाही. शेवटी सहा तासांपूर्वीच्या एका स्नॅपशॉटवर (त्या क्षणाच्या प्रतीवर) निभावलं. त्यात टेप कुठे होती? उलट फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलच्या काही लोकांचे मेल गायब झाले, ते गूगलनं टेपवरूनच परत आणले.

सरळसोट
गूगलकडे टेप सांभाळायला माणसं आहेत. चार जणांच्या ऑफिसात हिशेब लिहिणाऱ्या ताईच ते काम करतात आणि बोलणीही त्याच खातात. त्यांची गोष्ट माझीच बाजू सांगतेय.

हिशेबवही
माझी गोष्ट कुणाच्याच बाजूची नाही. क्लाउडचा मेलही त्या सोडून गेलेल्या माणसालाच गेला असता.

अकरा रात्री
प्रश्न माझाच होता. लॉग वरून खाली वाचला. पहिली एरर शॅडो कॉपीचीच; टेप एक इंचही हलत नव्हती. यादीत एसक्यूएलचा (डेटाबेसचा) रायटर 'फेल्ड'. त्याची सर्व्हिस रीस्टार्ट केली, काल रात्री जॉब पूर्ण झाला. जुनं खोड काका रिस्टोअर करून बघायचं म्हणाले म्हणून मार्च महिन्याचा एक फोल्डर वेगळ्या जागी रिस्टोअर केला आणि त्यातल्या फाइली उघडून बघितल्या. उघडल्या. मी मात्र नवा ड्राइव्ह मागवायच्या बेतात होतो.

सरळसोट
बरं, तुमच्या बाबतीत टेपचा दोष नव्हता, मानलं. पण रायटर पुन्हा अडकेल, कारण तो का अडकला ते अजून सापडलेलं नाही. आणि वर्षअखेरच्या टेपा वाचायला दुसरा ड्राइव्ह कुठे मिळेल, हे हा ड्राइव्ह चालू आहे तोवर शोधून ठेवा.

निशाचर
हे दोन्ही बरोबर आहे.

हिशेबवही
तुमच्याकडे टेप कोण बदलतं?

अकरा रात्री
पुढच्या टेबलावरच्या एक ताई. आज रिपोर्टच्या यादीत त्यांचा पत्ता घातला आणि 'फेल्ड' दिसलं तर मला लगेच फोन करा म्हणून सांगितलं. त्यांनी विचारलं, म्हणजे इतके दिवस चालत नव्हतं का?